ईमेल पोहोचवण्याचे शास्त्र : प्रस्तावना

कंपनीसाठी ईमेल पाठवणारी सेवा निवडायची वेळ आली की चर्चा बहुधा दरपत्रकापासून सुरू होते आणि तिथेच संपते. हजार मेलमागे किती, महिन्याला फुकट किती, बिल डॉलरमध्ये येणार की रुपयांत? हे विचारायलाच हवे. पण पाठवलेले बिल गिऱ्हाइकाला मिळत नाही, पासवर्ड बदलण्याची लिंक अर्ध्या तासाने येते, नेमणुकीचे पत्र उमेदवाराच्या स्पॅममध्ये जाऊन पडते, तेव्हा दराचा प्रश्न मागे पडतो आणि एका मोठ्या अभ्यासक्षेत्राशी गाठ पडते. या क्षेत्रातली मंडळी त्याला ‘डिलिव्हरेबिलिटी’ म्हणतात. त्यात थोडे नेटवर्किंग आहे, थोडा इतिहास, थोडा कायदा आणि माणसांच्या सवयींचा बराच अभ्यास. संगणकाची पदवी लागत नाही, बारकाईने वाचायची तयारी लागते. ती असलेल्या प्रत्येकाचे इथे मनापासून स्वागत.

सुरुवात दोन सर्व्हरमधल्या संभाषणापासून करावी, कारण पुढचे सगळे त्यातूनच निघाले आहे. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये ‘आरएफसी ८२१’ या दस्तऐवजात या संभाषणाचे, म्हणजे एसएमटीपीचे, नियम मांडले. भर पडत गेली, तरी मूळ रीत आजही तीच आहे. पाठवणारा सर्व्हर ‘हेलो’ म्हणून आपले नाव सांगतो. मग ‘मेल फ्रॉम’, म्हणजे पत्र कुणाकडून. ‘आरसीपीटी टू’, म्हणजे कुणाला. मग ‘डेटा’ आणि सगळा मजकूर. शेवटी एका ओळीवर एकटेच टिंब. समोरचा उत्तर देतो : २५०. या आकड्याचा अर्थ एवढाच की पत्र मी ताब्यात घेतले. ते इनबॉक्समध्ये ठेवले की स्पॅममध्ये, याबद्दल २५० काहीच बोलत नाही. सेवांच्या डॅशबोर्डवर ‘डिलिव्हर्ड’ म्हणून जी ठळक टक्केवारी दिसते ती बहुतेक वेळा या २५०चीच बेरीज असते, आणि तिच्यावरून दोन सेवांची तुलना करणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. २५० आल्यानंतर काय झाले आणि २५० आले नाही तर का आले नाही, हे सेवा किती नेमकेपणाने सांगू शकते, त्यावर तिची योग्यता ठरवावी असे माझे मत आहे. पुढचे विवेचन याच मताभोवती फिरते.

त्या संभाषणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ‘मेल फ्रॉम’मध्ये कुणीही कुणाचेही नाव सांगावे, त्याचा पुरावा कुणी मागत नव्हते. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेटचे जग लहान होते, माणसे एकमेकांना ओळखत होती. तरीही त्या लहान जगात ३ मे १९७८ रोजी डीईसी कंपनीच्या गॅरी थर्क यांनी सुमारे चारशे जणांना एकगठ्ठा जाहिरात पाठवली होती. म्हणजे नको असलेला मेल हा एसएमटीपीपेक्षाही जुना आहे. त्याला आवर घालण्याचे प्रयत्न टप्प्याटप्प्याने झाले. १९९८ मध्ये स्पॅम पाठवणाऱ्यांच्या याद्या ठेवणारे स्पॅमहाऊस सुरू झाले, त्याच्या याद्यांवर नाव आले की जगभरच्या सर्व्हरची दारे बंद होऊ लागली. मग ओळख पटवण्याच्या तीन पद्धती आल्या : एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. एसपीएफ म्हणजे आमच्या नावाने कोणत्या सर्व्हरनी मेल पाठवावा याची डोमेनच्या सार्वजनिक नोंदींत, म्हणजे डीएनएसमध्ये, लावलेली यादी. डीकेआयएम म्हणजे पत्रावरची डिजिटल सही. आणि डीमार्क विचारतो की या दोन्हींपैकी निदान एक तरी, वाचणाऱ्याला ‘फ्रॉम’मध्ये दिसणाऱ्या डोमेनशी जुळते का?

या जुळण्यावर थोडे थांबायला हवे, कारण नवखे लोक नेमके इथेच अडखळतात. एसपीएफ तपासले जाते ते पाकिटावरच्या, म्हणजे ‘मेल फ्रॉम’मधल्या पत्त्यावर, वाचणाऱ्याला दिसणाऱ्या नावावर नाही. काही सेवा पाकिटावर स्वतःचे डोमेन घालतात आणि सहीसुद्धा स्वतःच्याच डोमेनची करतात. मग एसपीएफ पास, डीकेआयएम पास आणि डीमार्क नापास, असा निकाल येतो. सहीही तुमच्या डोमेनची आणि परतीचा, म्हणजे पाकिटावरचा, पत्ताही तुमच्याच उपडोमेनवर, अशी सोय जी सेवा देत नाही तिचा विचार पुढे करू नये.

हे सारे पूर्वी सल्ल्याच्या पातळीवर होते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी त्याचा नियम केला. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजारांहून अधिक मेल पाठवणाऱ्याला ओळख पटवण्याच्या तिन्ही पद्धती बंधनकारक झाल्या, प्रचाराच्या मेलमधून एका क्लिकवर बाहेर पडण्याची सोय द्यावी लागली आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवाव्या लागल्या. हजारात तीन जणांनी ‘स्पॅम’चे बटण दाबले की मर्यादा आली. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनेही आउटलुकसाठी अशाच अटी लागू करायला सुरुवात केली.

आता शेजाऱ्यांचा प्रश्न. लहान व्यवसायाचा मेल बहुधा सामायिक आयपी पत्त्यावरून जातो आणि तिथे चाळीसारखे असते : एका बिऱ्हाडाने गोंधळ घातला की नाव सगळ्या चाळीचे खराब होते. म्हणून स्वतंत्र आयपी घ्यावा, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो बहुतेकांसाठी चुकीचा वाटतो. नव्या आयपीला पत नसते. रोज थोडे थोडे वाढवत ती कमवावी लागते आणि पाठवणे विरळ झाले की ती ओसरते. आठवड्याला काही शे बिले पाठवणाऱ्याने चांगल्या चाळीत राहावे हेच बरे. चाळ चांगली की वाईट हे कसे ओळखायचे? सेवा नव्या माणसाला आत घेताना किती चौकशी करते ते पाहावे. ॲमेझॉनची मेल पाठवणारी सेवा एसईएस २०११ पासून चालू आहे. तिचे नवे खाते चोवीस तासांत दोनशे मेलच्या आणि फक्त पडताळलेल्या पत्त्यांच्या मर्यादेत सुरू होते. पुढे परत येणाऱ्या मेलचे प्रमाण पाच टक्क्यांवर गेले की खाते तपासणीखाली येते, दहावर गेले की पाठवणे थांबू शकते. तक्रारींसाठी हेच आकडे ०.१ आणि ०.५ टक्के आहेत. पहिल्याच दिवशी अडवतात म्हणून अनेकांना याचा राग येतो. मला मात्र अशी अडवणूक आश्वासक वाटते, कारण तीच शेजाऱ्यांनाही अडवत असते.

परत आलेला मेल हे या क्षेत्रातले सगळ्यात बोलके साहित्य आहे. ‘५५० ५.१.१’ म्हणजे असा पत्ताच नाही. पुन्हा पाठवू नका. ‘४५२ ४.२.२’ म्हणजे पेटी भरली आहे. थोड्या वेळाने या. पहिला आकडा पाच असेल तर नकार कायमचा, चार असेल तर तात्पुरता. कोडमागून येणारे वाक्य तर त्याहून मोलाचे, कारण कोणत्या यादीत नाव आले किंवा कोणती सही जुळली नाही, हे त्यातच लिहिलेले असते. काही सेवा हे मूळ उत्तर गाळून नुसते ‘बाउन्स्ड’ दाखवतात. ते चालवून घेऊ नये. नोंदी किती दिवस ठेवता हेही आधीच विचारावे, कारण गिऱ्हाइकाची तक्रार महिनाभराने येते आणि नोंदी तोवर पुसलेल्या असतात.

याच जागी एक सापळा आहे. एकदा कायमचा नकार आलेला पत्ता सेवा आपल्या वगळण्याच्या यादीत टाकते आणि पुढे त्याला काहीच पाठवत नाही. हे योग्यच. पण समजा एखाद्या वितरकाच्या डोमेनचे नूतनीकरण राहून गेले, त्या आठवड्यात तुमचा मेल परत आला आणि नंतर त्याने पैसे भरून सगळे सुरळीत केले. त्याचा पत्ता यादीत तसाच राहतो. तुमची प्रणाली ‘पाठवले’ म्हणते, त्याला काहीच मिळत नाही. ही यादी पाहता येते का, त्यातून नाव काढता येते का, ती पूर्ण उतरवून घेता येते का, हे खरेदीपूर्वी करून पाहावे.

ओटीपी, पावती, बिल हे एका वाटेने जावेत आणि दिवाळीची ऑफर दुसऱ्या, म्हणजे निदान वेगळ्या उपडोमेनवरून जावी, याबद्दल जाणकारांत फारसा मतभेद नाही. ऑफरवर आलेल्या तक्रारींची झळ ओटीपीला लागता कामा नये. मेल किती जणांनी उघडला हा आकडा मात्र बाजूला ठेवावा : सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने आणलेल्या खासगीपणाच्या सोयीनंतर तो विश्वासार्ह राहिलेला नाही.

सेवा सोडून जाण्याचा विचार तिच्याकडे येण्याआधीच करावा. फेब्रुवारी २०१६ मध्ये मेलचिंपने आपली मँड्रिल ही लोकप्रिय सेवा स्वतंत्रपणे देणे बंद करून ती सशुल्क मेलचिंप खात्याला जोडण्याचे जाहीर केले. ग्राहकांना निर्णयासाठी जेमतेम दोन महिने मिळाले. ज्यांची सही, परतीचा पत्ता आणि मेलमधल्या लिंक स्वतःच्या डोमेनवर होत्या, त्यांना डीएनएसमधल्या काही नोंदी बदलून दुसरीकडे जाता येत होते. सेवा बदलते, पत डोमेनला चिकटलेली असते. आपल्याकडे म्हणूनच एक वेगळी तपासणी आवश्यक आहे, ती म्हणजे डोमेन मुळात कुणाच्या नावावर आहे? कित्येक लहान उद्योगांत ते वेबसाइट करून देणाऱ्याच्या खात्यात असते, आणि तो फोन उचलेनासा झाला की डीएनएसची एक ओळही बदलता येत नाही. रुपयांत बिल आणि देशातला सर्व्हर हवा असेल तर पर्याय आहेत : मुंबईचे नेटकोर, झोहोची झेप्टोमेल, एसईएसचे मुंबई केंद्र. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा लक्षात घेता, यादीतल्या प्रत्येकाने संमती कधी आणि कशी दिली याची नोंद तुमच्याजवळच असावी.

अभ्यासाला आजच सुरुवात करायची तर आपल्याच कंपनीचा एखादा मेल जीमेलमध्ये उघडावा आणि ‘शो ओरिजिनल’वर क्लिक करावे. वरच्या कोष्टकात तिन्ही तपासण्यांचे निकाल दिसतात. मग डीमार्कची नोंद, काहीही न अडवता फक्त अहवाल मागवणारी, डीएनएसमध्ये लावावी आणि काही आठवडे अहवाल जमवावेत. त्यांतून कळते की तुमच्या नावाने हिशेबाचे सॉफ्टवेअर मेल पाठवते, भरतीचे पोर्टल पाठवते, कधीकाळी सुरू करून विसरलेली एखादी वार्तापत्राची सेवाही पाठवत असते. ही यादी हातात आली की कोणत्या सेवेकडे कोणते काम सोपवायचे ते ठरवायला बसावे, आणि त्या बैठकीला हिशेब सांभाळणाऱ्यालाही बोलवावे, कारण कोणती बिले पोहोचली नाहीत हे बहुधा त्यालाच आधी कळलेले असते.