मंद थायरॉईड आणि वाढता रक्तदाब

गळ्याच्या पुढील भागातील थायरॉईड ग्रंथी पुरेसे संप्रेरक तयार करीत नाही, त्या विकारास ‘हायपोथायरॉइडिझम’ म्हणतात. संप्रेरक घटले की हृदयाचे ठोके मंदावतात. त्यामुळे रक्तदाबही उतरेल, असा समज होतो. प्रत्यक्षात लहान रक्तवाहिन्या आकुंचित व ताठर होतात आणि विशेषतः खालचा, म्हणजे डायस्टोलिक, रक्तदाब ९०च्या वर जाऊ शकतो.

थकवा, वजनवाढ, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा व थंडी सहन न होणे ही लक्षणे बहुधा वयोमानाची मानली जातात. पेडणे व डिचोली तालुक्यांतील आरोग्य केंद्रांत रक्तदाब तपासून घेताना ती डॉक्टरांना आवर्जून सांगावीत. रक्तातील ‘टीएसएच’च्या तपासणीतून निदान होते. गरज भासल्यास पुढील उपचारांसाठी बांबोळीचे गोमेकॉ आहेच.

लेव्होथायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी, चहाच्या किमान अर्धा तास आधी घ्यावी. सहा ते आठ आठवड्यांनी फेरतपासणी करावी. संप्रेरकाची पातळी सावरल्यावर अनेकांचा रक्तदाब उतरतो. मात्र प्रत्येक उच्च रक्तदाबाचे मूळ थायरॉईडमध्ये नसते. त्यामुळे रक्तदाबाची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याविना बंद करू नये.