परवलीचा शब्द



जन्मभर खडू आणि फळा यांच्या संगतींत राहिलेल्या शाळामास्तरानें संगणकावर बोलावयास बसावें, याचें आपणांस नवल वाटेल. माझा अधिकार एवढाच कीं, या यंत्रापायीं नोकरीच्या शेवटच्या वर्षांत माझ्यावर एक किटाळ आलें होतें.

विद्यार्थ्यांची माहिती संगणकावर चढविण्याचें काम तेव्हां शाळांकडे नुकतेंच आलें होतें. प्रत्येक वर्गशिक्षकाला यंत्रांत शिरण्यासाठीं स्वतःचें एक नांव व स्वतःचा एक पासवर्ड, म्हणजे परवलीचा शब्द, दिलेला असे. आम्ही मास्तर लोक विसराळू. म्हणून कोणाची अडचण होऊं नये अशा सद्धेतूनें सर्वांचे शब्द कचेरींतल्या एका दोनशे पानी वहींत उतरून ठेवलेले होते. एके दिवशीं सातवीच्या एका मुलाची जन्मतारीख बदललेली आढळली, आणि बदल करणाराचें नांव म्हणून यंत्र माझें नांव दाखवूं लागलें! त्या दिवशीं मी यंत्राकडे फिरकलोंहि नव्हतों. चौकशी झाली, लेखी जबाब झाला, तारीख पूर्ववत् झाली. पण बदल कोणीं केला तें निघालें नाहीं. छत्तीस वर्षांच्या नोकरींत ज्यांनीं माझ्याकडे कधीं वांकड्या नजरेनें पाहिलें नव्हतें, ते सहकारी त्यानंतर माझ्याशीं जरा जपून बोलूं लागले.

निवृत्त झाल्यावर या गोष्टीनें माझा पिच्छा सोडला नाहीं. माझा एक पुतण्या या यंत्रांचा हौशी आहे. त्याला ही हकीकत सांगितली तेव्हां तो हंसून म्हणाला, “काका, तुमच्या शाळेची वही ही दुसरी. पहिली अमेरिकेंत होती.” त्या पहिल्या वहीचा शोध घेतां घेतां जें हातीं लागलें, तें आज आपणांपुढें ठेवीत आहें.

परवल ही गोष्ट आपणांस नवी नाहीं. रात्रीं गस्तवाल्यानें हटकलें म्हणजे ठरलेला शब्द सांगावयाचा आणि पुढें जावयाचें. मात्र त्या परवलींत एक सोय होती. शब्द सगळ्या छावणीचा एक असे, व दुसऱ्या दिवशीं तो बदलतां येई. संगणकावर माणसागणिक शब्द निराळा झाला, आणि इतके निराळे शब्द पहारेकऱ्यानें ध्यानांत कसे ठेवावे हा प्रश्न उभा राहिला.

तो उभा राहिला १९६० नंतरच्या दशकाच्या आरंभीं, अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत. त्या काळचा संगणक म्हणजे खोलीभर पसरलेलें अवाढव्य धूड. त्याचा वेळ इतका मोलाचा कीं, एकानें काम करावें व बाकीच्यांनीं ताटकळत बसावें हें परवडणारें नव्हतें. फर्नांदो कॉर्बातो व त्यांचे सहकारी यांनीं यंत्राचा वेळ क्षणाक्षणांनीं अनेकांत वांटून देण्याची युक्ति काढली, आणि नोव्हेंबर १९६१ मध्यें तिचें प्रात्यक्षिक करून दाखविलें. टंकयंत्रासारख्या टर्मिनलांपुढें बसलेल्या प्रत्येकाला यंत्र आपल्या एकट्याचेंच आहे असा भास होई. पण यंत्र सामायिक झालें तरी कागद सामायिक होऊन चालत नाहींत. ज्याच्या त्याच्या फाईली ज्याच्या त्याला मिळाव्या, व ज्याला जितका वेळ नेमून दिला असेल तितकाच त्यानें वापरावा, यासाठीं कॉर्बातो यांनीं प्रत्येकास एक गुप्त शब्द दिला. हे सारे शब्द यंत्रांतल्याच एका फाईलींत, जसेच्या तसे, लिहून ठेवलेले होते. हीच ती पहिली वही!

ती फुटावयास फार दिवस लागले नाहींत. ॲलन शेर नांवाचा एक संशोधक विद्यार्थी त्या यंत्राच्या कामगिरीचेंच मोजमाप करीत होता. त्याला आठवड्यास चार तास मिळत, व तेवढ्यांत त्याचें भागेना. एखादी फाईल कागदावर छापून हवी असेल तर तिचें नांव भोकें पाडलेल्या कार्डावर देऊन तशी मागणी करण्याची तेथें सोय होती. १९६२ च्या वसंत ऋतूंत एका शुक्रवारीं रात्रीं शेरनें परवलीच्या फाईलीचें नांव कार्डावर देऊन तें कार्ड ठेवून दिलें, आणि शनिवारीं सकाळीं छापील कागद उचलून तो घरीं गेला. दुसऱ्यांच्या नांवावर त्याचें काम सुखानें चालूं लागलें. शहाण्या चोराप्रमाणें त्यानें ती यादी आणखी कांहीं जणांस वांटली, म्हणजे संशय विभागला जावा. त्यांतल्या एकानें तर जे. सी. आर. लिक्लायडर या थोर शास्त्रज्ञाच्या नांवानें आंत शिरून चिडविणारे निरोप ठेवावयास सुरुवात केली. शेरनें ही गोष्ट कबूल केली ती सुमारें पंचवीस वर्षांनीं.

हा वृत्तांत प्रथम कळला तेव्हां मला हंसूं आलें, आणि लगेच तें मावळलें. ज्यांच्या वेळावर शेरनें डल्ला मारला, त्यांच्या हिशेबीं त्यांचा वेळ त्यांनींच खर्च केला होता. यंत्राची साक्ष तशीच होती! शब्द सांगणारा आणि नांवाचा धनी हे दोन निराळे इसम असूं शकतात, हें त्या यंत्राला समजण्याचा मार्गच नव्हता. आमच्याहि यंत्राला नव्हता.

१९६६ सालीं त्याच यंत्रावर याहून मौजेचा प्रकार घडला. यंत्र उघडतांच सर्वांना दिसणारा ‘आजचा निरोप’ एक व्यवस्थापक दुरुस्त करीत होता, आणि त्याच वेळीं दुसरा परवलीची फाईल दुरुस्त करीत होता. दुरुस्तीच्या प्रोग्रॅमनें दोघांच्याहि कच्च्या प्रतींस एकच नांव दिलें. कारण त्या जागीं एका वेळीं एकच माणूस काम करील असें तो रचणारांनीं गृहीत धरलें होतें. प्रतींची अदलाबदल झाली. त्यानंतर जो कोणी यंत्र उघडी, त्याच्यापुढें आजचा निरोप म्हणून सर्वांचे परवलीचे शब्द धडाधड छापून येऊं लागले. एकानें प्रसंगावधान राखून यंत्रच बंद पाडलें. शुक्रवारची संध्याकाळ होती. व्यवस्थापकांचा पुढचा वेळ सर्वांचे शब्द बदलण्यांत गेला.

कुलूप कितीहि भक्कम करा, वही आहे तोंवर ती फुटणारच. मग वहीच नसली तर? पण वही नसेल तर पहारेकऱ्यानें शब्द ओळखावा कसा? या प्रश्नाचें उत्तर इंग्लंडांतील केंब्रिज विद्यापीठांत रॉजर नीडहॅम यांनीं दिलें, आणि त्यांचे ज्येष्ठ सहकारी मॉरिस विल्क्स यांनीं १९६८ च्या आपल्या ग्रंथांत तें जगापुढें मांडलें. या सगळ्या इतिहासांतला मला सर्वांत सुंदर वाटणारा विचार हाच. म्हणून येथें थोडें थांबतों.

गहूं दळला कीं पीठ होतें. पिठाचा पुन्हां गहूं होत नाहीं. यंत्रानें शब्द ठेवावयाचाच नाहीं. त्याचें पीठ तेवढें ठेवावयाचें. तुम्हीं शब्द सांगितला कीं यंत्र तो त्याच जात्यांत दळतें, व पिठाशीं पीठ ताडून पाहतें. जुळलें तर दार उघडलें. वर्गांत मी हें अंकांनीं समजावून दिलें असतें. ३५ चा वर्ग १२२५. त्यांतले मधले दोन अंक २२, तेवढेच वहींत लिहावयाचे. आतां वही चोराच्या हातीं पडली तर नुसत्या २२ वरून त्याला मूळ संख्या कशी कळणार? ६५ चा वर्ग ४२२५ आणि ८५ चा ७२२५. त्यांच्याहि पोटांत २२ आहेतच. खरीं जातीं याहून पुष्कळ गुंतागुंतीचीं असतात, व दोन शब्दांचें पीठ एकसारखें निघूं नये याचीहि त्यांत काळजी घेतलेली असते. परंतु उलटा रस्ता बंद कसा होतो हें कळण्यास एवढें पुरे.

या कल्पनेचा खरा कस लागला तो न्यू जर्सींतील बेल प्रयोगशाळेंत. तेथें केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं १९६९ पासून युनिक्स ही प्रणाली उभी केली. युनिक्सची परवलीची फाईल कोणालाहि वाचावयास मोकळी होती, कारण तींत नुसतें पीठ होतें. थॉम्प्सन आणि रॉबर्ट मॉरिस यांनीं १९७९ सालीं या अनुभवावर एक निबंध प्रसिद्ध केला. आपल्याच कुलपाची परीक्षा त्यांनीं चोराच्या दृष्टीनें केली. चोर पिठावरून गहूं करीत बसणार नाहीं. तो घरोघरचे गहूं आणून दळून पाहील, म्हणजे शब्दकोश घेईल आणि एकेक शब्द दळून पीठ जुळतें का बघेल. त्यांनीं ३२८९ शब्द गोळा केले होते. त्यांपैकीं १५ जणांचा शब्द एकाच अक्षराचा निघाला, ७२ जणांचा दोन अक्षरांचा, ४६४ जणांचा तीन अक्षरांचा! सहा अक्षरें, सर्व लहान लिपींतलीं, अशा शब्दांचे धनी ६०५ होते. एवढें करूनहि जे उरले, त्यांतले ४९२ शब्दकोश, नांवांच्या याद्या व तत्सम ठिकाणीं सांपडले. एकंदर २८३१ शब्द असे सहज हातीं लागण्यासारखे होते, शेंकडा ८६.

यावर दोघांनीं दोन उपाय योजिले. पहिलें जातें दुसऱ्या महायुद्धांतील अमेरिकन सैन्याच्या एका कूटयंत्राच्या धर्तीवर केलें होतें, आणि तें फार जलद दळी. जलद जातें चोराच्याहि सोयीचें. म्हणून नवें जातें मुद्दाम मंद केलें. एकच शब्द त्यांत पंचवीस वेळां दळला जाई. दुसरा उपाय असा कीं, दळण्यापूर्वीं प्रत्येकाच्या शब्दांत निराळ्या प्रकारची चिमूटभर भेसळ करावयाची. तिचे ४०९६ प्रकार होते. त्यामुळें दोघांचा शब्द एकच असला तरी पीठ निराळें दिसे, आणि चोरानें एकदां दळून ठेवलेलें पीठ सर्वांच्या घरीं चालेना. या भेसळीला त्यांनीं ‘मीठ’ हेंच नांव दिलें आहे. तें मीं दिलेलें नाहीं.

पण विधिलिखित पाहा. २ नोव्हेंबर १९८८ रोजीं एका प्रोग्रॅमनें अमेरिकेंतील इंटरनेटवर धुमाकूळ घातला. तो आपली प्रत आपणच काढी व या यंत्रांतून त्या यंत्रांत शिरे. शिरण्याच्या त्याच्या वाटा अनेक होत्या. त्यांतली एक म्हणजे शब्द ओळखून काढणें. माणसाचें नांव, तेंच नांव उलटें, मग जवळची ४३२ शब्दांची यादी, आणि त्यानेंहि भागलें नाहीं तर यंत्रांतलाच शब्दकोश. निबंधांत वर्णिलेली युक्ति जशीच्या तशी! सुमारें सहा हजार यंत्रें अडखळलीं असा त्या वेळचा अंदाज होता. हा प्रोग्रॅम लिहिणारा कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी रॉबर्ट टॅपन मॉरिस हा निबंधकार मॉरिस यांचाच मुलगा. वडील त्या वेळीं अमेरिकन सरकारच्या संगणक-सुरक्षेच्या खात्यांत मोठ्या शास्त्रज्ञाच्या जागेवर होते. मुलाला १९९० मध्यें तीन वर्षें देखरेखीखालीं राहण्याची, चारशे तास समाजसेवेची व दंडाची शिक्षा झाली. पुढें तो मॅसॅच्युसेट्सच्या त्याच संस्थेंत प्राध्यापक झाला.

इतकें सारें ठाऊक झाल्यावर तरी वह्या बंद व्हाव्या कीं नाहीं? डिसेंबर २००९ मध्यें रॉकयू नांवाच्या कंपनीकडून सुमारें ३ कोटि २० लक्ष माणसांचे शब्द चोरीस गेले, आणि ते दळलेले नव्हते. जसेच्या तसे लिहिलेले होते! त्यांत सर्वांत लोकप्रिय शब्द एकापासून सहापर्यंतचे आंकडे हा ठरला. सुमारें दोन लक्ष नव्वद हजार लोकांनीं तोच निवडला होता. अमेरिकन सरकारच्या मानक-संस्थेचे बिल बर यांनीं २००३ सालीं लिहिलेल्या टिपणांतून ‘एक मोठें अक्षर, एक अंक, एक चिन्ह’ आणि ‘ठराविक मुदतीनें बदला’ हे नियम जगभर पसरले. २०१७ सालीं त्यांनीं स्वतःच त्याविषयीं पश्चात्ताप व्यक्त केला, व त्याच वर्षीं संस्थेनें ते नियम मागें घेऊन लांब शब्दांचा पुरस्कार केला. नियमाला कंटाळलेला मनुष्य शेवटीं एक आंकडा चिकटवून मोकळा होतो, हें कोणत्याहि शाळामास्तरानें त्यांना फुकट सांगितलें असतें. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनें २००९ पासून कार्डावरच्या ऑनलाईन व्यवहारांना शब्दाखेरीज दुसरीहि खूण लागूं केली. मोबाईलवर येणारे आंकडे ते हेच. ते आंकडे फोनवर गोड बोलून विचारून घेणारे भामटे आतां निघाले आहेत.

थॉम्प्सन यांचा स्वतःचा शब्द कोणता होता? जुन्या युनिक्सच्या एका परवलीच्या फाईलीचें पीठ हौशी मंडळींच्या हातीं लागलें होतें. कित्येकांचे शब्द त्यांनीं शोधून काढले. थॉम्प्सन यांचा मात्र दाद देईना. अखेर २०१९ च्या ऑक्टोबरांत एकानें आधुनिक यंत्र चार दिवसांहून अधिक चालवून तो काढला. पी, तिरकी रेघ, क्यू, दोन, आडवी रेघ, क्यू, चार, उद्गारचिन्ह. आठ अक्षरें! बुद्धिबळाच्या जुन्या लेखनपद्धतींत याचा अर्थ, वजीरापुढचें प्यादें दोन घरें पुढें. थॉम्प्सन यांच्या बुद्धिबळ खेळणाऱ्या यंत्रानें १९८० सालीं संगणकांची जागतिक स्पर्धा जिंकली होती, तेव्हां या शब्दाचें नवल नको. कुलूप उघडणाऱ्याचें त्यांनीं एका शब्दांत अभिनंदन केलें.

आणि कॉर्बातो? २०१४ सालीं, वयाच्या ८७ व्या वर्षीं, त्यांनीं एका वृत्तपत्राला सांगितलें कीं, परवलीचे शब्द आतां भयंकर स्वप्नासारखे झाले आहेत, आणि आपणहि ते टिपून ठेवीत आलों. तीन टंकलिखित पानें, सुमारें दीडशें शब्द. तें वाचून आमच्या कचेरींतील वहीवरचा माझा राग पुष्कळ उतरला.

त्या वहींत माझा शब्द काय होता, तें सांगावयास आतां हरकत नाहीं. माझ्या गांवाचें नांव, इंग्रजी लिपींत. सहा अक्षरें, सर्व लहान. त्या ६०५ जणांच्या रांगेंत मी बिनबोभाट बसलों असतों. वही नसती तरी.