ला शापेलचा वृद्ध आणि त्याचा संधिवात

व्याधींचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास साधनांची वाण फार जाणवते. ताप येऊन जातो, पटकी गावेच्या गावे रिकामी करून जाते, आणि मागे उरते ती ऐकीव माहिती. सांध्यांच्या एका व्याधीचे मात्र तसे नाही. वैद्यकशास्त्र जिला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणते आणि ‘गुडघे धरले’, ‘कंबर धरली’ एवढ्या शब्दांत आपल्या घरांतून जिची बोळवण होते, ती व्याधी आपला वृत्तांत हाडांवरच कोरून ठेवते. सांध्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचे अस्तर असते. तिला रक्तवाहिन्या नसतात. म्हणून एकदा विरली की ती सहसा भरून येत नाही. मग हाडावर हाड घासते, ती जागा हस्तिदंतासारखी चकाकू लागते आणि सांध्याच्या कडांना नव्या हाडाचे कंगोरे फुटतात. कूर्चा मातीत टिकत नाही. ती चकाकी आणि ते कंगोरे मात्र हजारो वर्षे टिकतात. ते वाचणारा तेवढा भेटावा लागतो, आणि वाचणारे विद्वानही कसे चुकतात याची कथा मोठी उद्बोधक आहे.

1856 साली जर्मनीत ड्युसेलडॉर्फजवळच्या निअँडर खोऱ्यात, चुनखडीच्या खाणीत काम करणाऱ्या मजुरांना एका गुहेत काही विलक्षण हाडे सापडली. हा मानवाचा एखादा प्राचीन प्रकार असावा असे काहींचे मत पडले. रुडॉल्फ फिरखो हा त्या काळातील रोगविज्ञानाचा अग्रणी. 1872 साली त्याने ती हाडे तपासली आणि निर्वाळा दिला की, यात प्राचीन असे काही नाही. लहानपणचा मुडदूस, म्हातारपणचा संधिवात आणि भरून आलेल्या जखमा यांमुळे हा सांगाडा असा दिसतो. इतका जर्जर मनुष्य म्हातारपणापर्यंत जगला, त्या अर्थी तो स्थिर वस्ती असलेल्या समाजातलाच असला पाहिजे, अशीही त्याची विचारसरणी होती. भटक्या माणसांत पंगूला कोण सांभाळणार, हा प्रश्न त्याला बिनतोड वाटला असावा. फिरखोला हाडांवरचे रोग दिसले ते बरोबरच होते. परंतु रोगाने त्याची दृष्टी इतकी व्यापली की रोगामागचा माणूस त्याला दिसेना.

नेमकी उलट चूक पुढे फ्रान्समध्ये झाली. 1908 च्या ऑगस्टमध्ये कोरेझ भागातील ला शापेल-ओ-सँ या गावाजवळ बुइसोनी बंधूंना एका गुहेत खणताना, खड्ड्यात निजवलेला असा, बराचसा संपूर्ण सांगाडा मिळाला. तोही निअँडरथल जातीचाच. सुमारे पन्नास-साठ हजार वर्षांपूर्वीचा हा पुरुष बहुतेक दात गमावून बसला होता. म्हणून पुढे जगभर तो ‘म्हातारा’ म्हणूनच ओळखला गेला. वास्तविक त्याचे वय आजच्या मानाने फारसे नसावे. पॅरिसच्या संग्रहालयातील मार्सेलँ बूल याने त्याचा अभ्यास करून 1911 ते 1913 या काळात प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. बूलच्या लेखणीतून उतरला तो वाकलेल्या गुडघ्यांचा, पुढे झुकलेल्या मानेचा, कण्याला माणसासारखा बाक नसलेला, अर्धवट वानर भासणारा प्राणी. सांध्यांतील विकृती त्याच्या नजरेतून सुटली होती असे नाही. बांध्याचा विचार करताना त्याने तिला मोल दिले नाही, इतकेच. ते चित्र पाठ्यपुस्तकांत गेले, व्यंगचित्रांत गेले, आणि ‘निअँडरथल’ हा शब्द कित्येक भाषांत शिवी होऊन बसला. एका आजारी माणसाच्या पाठीवरून एक संपूर्ण मानववंश बदनाम झाला.

ही बदनामी पुसण्याचा मोठा प्रयत्न 1957 साली झाला. विल्यम स्ट्राउस आणि ए. जे. ई. केव्ह या दोन शरीररचनाशास्त्रज्ञांनी मूळ हाडे पॅरिसमध्ये पाहिली, तेव्हा मानेच्या नि पाठीच्या मणक्यांवर आणि जबड्याच्या सांध्यावर संधिवाताच्या खुणा त्यांना स्पष्ट दिसल्या. हा मनुष्य वाकलेला असलाच तर तो व्याधीमुळे, जातीमुळे नव्हे, असे त्यांनी सांगितले. त्याला न्हाऊमाखू घालून, दाढी करून, आजचे कपडे चढवून न्यूयॉर्कच्या भुयारी गाडीत बसविले तर कोणी वळूनही पाहणार नाही, हा त्यांचा शेरा फार गाजला.

या व्याधीविषयीची आपली समजूतही अशीच एका शब्दाने बिघडविली आहे. तो शब्द ‘झीज’. यंत्राचा दट्ट्या झिजावा तसा सांधा झिजतो असे एकदा मनात बसले की, माणूस उरलेला सांधा जपण्यासाठी हालचालच सोडतो, आणि तेथेच घात होतो. कूर्चेचे पोषण सांध्यातील द्रवातून होते आणि ते सांधा हलता राहण्यावर अवलंबून असते; हालचाल थांबली की मांडीचे स्नायू दुबळे होतात व सगळा भार सांध्यावर येतो. शिवाय दोष एकट्या कूर्चेत नसतो. खालचे हाड, सांध्याचे आतले आवरण, स्नायू, सारेच त्यात गुंतलेले असतात. म्हणून आजचे वैद्यक प्रथम व्यायाम सांगते, वजन उतरवायला सांगते, वेदनाशामके बेताने देते. आणि काहीच चालेनासे झाले तर सांधा बदलते. खुब्याचा कृत्रिम सांधा भरवशाचा झाला तो जॉन चार्नली या इंग्रज शल्यवैद्याने 1962 साली पॉलिएथिलिनची वाटी वापरल्यापासून.

ला शापेलच्या वृद्धाला यातले काहीच लाभणारे नव्हते. त्याच्या डाव्या खुब्याचा सांधा पार बिघडला होता. तो कसा जगला? कोणी त्याला शिकारीतला वाटा देत असले पाहिजे, असे काही अभ्यासक म्हणतात. दात सगळेच गेले नव्हते, तो आपले आपण खाऊ शकत होता, असे इतर म्हणतात. मला पहिले मत जवळचे वाटते, पण हाडे येथे निर्णायक साक्ष देत नाहीत.

बांध्याबद्दल मात्र दिली. 1985 साली एरिक ट्रिंकाउस याने तीच हाडे पुन्हा तपासून दाखविले की, बूलच्या चुकीचे खापर संधिवातावर फोडता येत नाही. त्या विकृतीने शरीराचा तोल एवढा बिघडला नसता. चूक बूलच्या पूर्वग्रहातच होती. आणि 2019 साली मार्टिन हॉयस्लर व त्याच्या सहकाऱ्यांनी संगणकावर त्या सांगाड्याची कटी नि कणा पुन्हा जुळविला, तेव्हा साक्षीला आली ती ही व्याधीच. कंबरेच्या मणक्यांचे मागचे काटे एकमेकांवर घासल्याच्या खुणा होत्या. कंबरेला आपल्यासारखाच बाक असल्यावाचून ते घासणे शक्य नव्हते. खुब्यातली झिजलेली जागाही, ताठ उभ्या राहणाऱ्या माणसाच्या सांध्यावर जेथे भार पडतो, तेथेच होती. त्या दुखऱ्या खुब्यावर भार देऊन तो उभा राहत होता आणि चालत होता.