छत्रीचं तोंड कुणीकडे?

आपल्या गावांमध्ये डिश अँटेनाला ‘छत्री’ म्हणतात. घरावर छत्री आली की चॅनेल आले, एवढाच तिचा अर्थ. पण जर्मनीतल्या तुर्की मोहल्ल्यांमध्ये या छत्रीवरून बरीच वर्षं वाद झडले. गॅलरीत छत्री दिसली की लोक म्हणत, ही माणसं इथं राहतात खरी, पण यांचं मन तिकडेच आहे.

मी उर्दू आणि मराठी शिकवते. माझ्या वर्गातली मुलं घरी दखनी, पुस्तकात उर्दू आणि बाजारात मराठी बोलतात. ‘तुमचं मन नक्की कुठे आहे?’ हा प्रश्न त्यांनाही कधी ना कधी विचारला जातो. म्हणून या छत्रीचा इतिहास मला आपल्या जवळचा वाटतो.

30 ऑक्टोबर 1961 रोजी पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगार भरतीचा करार झाला. खाणी आणि कारखान्यांसाठी माणसं हवी होती. आलेल्यांना नाव मिळालं ‘पाहुणे कामगार’. 1973च्या नोव्हेंबरात भरती बंद झाली, पण बरेच पाहुणे परतले नाहीत. त्यांनी बायकामुलं बोलावून घेतली आणि तिथलेच झाले. 1964पासून कोलोनहून तुर्की भाषेत रेडिओ कार्यक्रम लागायचा. पुढे 1980च्या दशकात व्हिडिओ कॅसेटवर तुर्की सिनेमे आले. पण आज इस्तंबूलमध्ये काय चाललंय, ते आजच टीव्हीवर पाहण्याची सोय नव्हती.

1990 साली चित्र बदललं. तुर्की सरकारी टीव्हीने परदेशातल्या लोकांसाठी टीआरटी-इंट ही वाहिनी सुरू केली. त्याच वर्षी स्टार-1 ही पहिली खासगी तुर्की वाहिनी आली, तीही थेट जर्मनीतून. तुर्कस्तानात खासगी प्रसारणाला परवानगी नव्हती, म्हणून कार्यक्रम जर्मनीतून उपग्रहावर चढायचा आणि तुर्कस्तानात उतरायचा. अखेर 1993मध्ये तिथली राज्यघटना बदलून सरकारी मक्तेदारी संपवावी लागली. जानेवारी 1994मध्ये तुर्कसॅट-1ए हा उपग्रह उड्डाणातच नष्ट झाला. ऑगस्टमध्ये तुर्कसॅट-1बी मात्र कक्षेत पोहोचला. 42 अंश पूर्वेच्या त्या जागेवरून मध्य युरोपकडे खास झोत सोडण्याची सोय होती. दरमहा पैसे नाहीत, कार्ड नाही. एकदा सामान घ्यायचं आणि पाहायचं.

पण सामान कोणतं घ्यायचं? पहिला प्रश्न तबकडीचा नसून उपग्रहाचा असायचा. हे सगळे उपग्रह विषुववृत्तावर उभे असतात, त्यामुळे युरोपातल्या तबकड्या दक्षिणेकडे बघतात. जर्मन वाहिन्या देणारा अ‍ॅस्ट्रा 19.2 अंश पूर्वेला आहे. बर्लिनहून तो जवळपास नाकासमोर दक्षिणेला येतो. तुर्कसॅटसाठी मात्र तबकडी आग्नेयेकडे, साधारण 145 अंशांवर वळवावी लागते. बर्लिनहून किब्ल्याची दिशा येते सुमारे 137 अंश. म्हणजे ज्या घरात जानमाज आग्नेयेला अंथरली जायची, तिथे छत्रीचं तोंडही जवळपास तिकडेच. हा निव्वळ भूगोलाचा योगायोग. पण संशय घेणाऱ्याला एवढं पुरतं.

दुसरी गोष्ट जागेची. बर्लिनमधून तुर्कसॅट क्षितिजापासून जेमतेम 24 अंश वर आहे. समोर उंच इमारत किंवा झाड असलं की संपलं. गॅलरी उत्तरेला असेल तर तबकडी कितीही महाग घ्या, उपयोग शून्य. तिसरी गोष्ट आकाराची. पावसात सिग्नल क्षीण होतो, म्हणून सहसा 80-90 सेंटिमीटरची तबकडी बरी पडते. चौथी गोष्ट तबकडीसमोरच्या एलएनबीची. 13 आणि 19.2 अंशांवरचे दोन शेजारी उपग्रह एका तबकडीवर दोन एलएनबी लावून धरता येतात. पण 19.2 आणि 42 यांच्यात जवळपास 23 अंशांचं अंतर आहे. साध्या तबकडीला ते पेलत नाही. केबल नसलेल्या घराला जर्मन आणि तुर्की दोन्ही हवं असेल तर दोन छत्र्या लागायच्या. रस्त्यावरून जाणाऱ्याला त्यातली आग्नेयेकडे वळलेली तेवढी खुपायची.

कागदावर सगळे ‘तुर्की’ असले तरी सगळ्यांच्या छत्र्या एकीकडे नव्हत्या. तुर्कस्तानात कुर्दी भाषेतल्या प्रसारणाला बंदी असताना 1995मध्ये लंडनहून मेड टीव्ही ही कुर्दी वाहिनी सुरू झाली. ती पाहणाऱ्या कुर्दी घरांची तबकडी तुर्कसॅटकडे वळून भागत नव्हतं. 1999मध्ये ब्रिटिश नियामकाने तिचा परवाना काढून घेतला.

छत्री लावायला घरमालकाची परवानगी लागे. इमारतीची शोभा जाते, असं मालकांचं म्हणणं. एका तुर्की भाडेकरूचं प्रकरण जर्मनीच्या घटनापीठापर्यंत गेलं. 9 फेब्रुवारी 1994 रोजी न्यायालयाने सांगितलं, की माहिती मिळवण्याच्या घटनादत्त स्वातंत्र्यात छत्री लावणंही येतं. मालकाच्या हक्काशी त्याचा तोल साधावा लागेल. आणि तो साधताना, परदेशी भाडेकरूला आपल्या देशाचे कार्यक्रम केबलवर मिळत नाहीत, हे लक्षात घ्यावं लागेल.

स्वीडनमधलं प्रकरण याहून बोलकं आहे. स्टॉकहोमच्या रिंकेबी उपनगरात एक इराकी मूळचं कुटुंब भाड्याने राहत होतं. मालकाने हरकत घेतल्यावर त्यांनी भिंतीवरची तबकडी काढली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर जाणाऱ्या लोखंडी दांडीवर बसवली. तरीही त्यांना घर सोडावं लागलं. 16 डिसेंबर 2008 रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. माहितीचं स्वातंत्र्य म्हणजे फक्त राजकीय बातम्या नव्हेत, संस्कृती आणि निव्वळ करमणूकही त्यात येते, असं न्यायालय म्हणालं. एका मालिकेसाठी, एका गाण्यासाठी हक्क मागावा लागला आणि तो मिळाला!

मग ही छत्री माणसाला खरंच मागे ओढत होती का? आसू अक्सॉय आणि केविन रॉबिन्स या अभ्यासकांनी लंडनमधल्या तुर्की प्रेक्षकांशी बोलून उलट निष्कर्ष काढला. वतन दूर असतं तेव्हा ते आठवणीत सुंदर होत जातं. रोज टीव्हीवर तिथली महागाई, भांडणं आणि रटाळ चर्चा दिसू लागल्या की ते साधं, रोजचं होऊन जातं. शिवाय दोन देशांच्या बातम्या पाहणारा दोन्हींवर पटकन विश्वास टाकत नाही.

आपल्याशी याचा संबंध आहे. ऑक्टोबर 1992मध्ये झी टीव्ही एशियासॅट-1वर सुरू झाला. त्या उपग्रहाचा झोत आखातापर्यंत जायचा, आणि तिथं पोटासाठी गेलेली रत्नागिरी-रायगडची हजारो माणसं होती. हिंदी सिनेमा पाहतात म्हणून त्यांच्या निष्ठेवर कुणी बोट ठेवलं नाही. कारण ती तिथली नागरिक होतील, अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. कामगार आहेत, काम संपलं की जातील. बर्लिनच्या तुर्की माणसाने मात्र ‘मी इथलाच’ म्हटलं, आणि त्याच्या गॅलरीकडे नजरा वळल्या.

आपण तर पिढ्यान्‌पिढ्या इथलेच आहोत. तरी कुणाच्या घरी उर्दू अखबार येतो, कुणाच्या टीव्हीवर कोणत्या देशाची मालिका लागते, यावरून शेरे मारले जातात. अशा वेळी माझ्या विद्यार्थ्यांना मी छत्रीची गोष्ट सांगते. तिच्या तोंडावरून उपग्रह ओळखता येतो, तेही कोन मोजायला येत असेल तर. घरातला माणूस काय विचार करतो, हे त्याच्याशी बोलल्याशिवाय कळत नाही.