दाढेतला चीक

आमच्या घोलवडचा चिकू तोडला की देठातून पांढरा चीक गळतो. तलासरीचा मोह (ज्यावर वारली माणूस उगाच कुऱ्हाड घालत नाही) त्याच कुळातला, आणि मलायातलं गटापर्चाचं झाडही. त्याचा चीक गरम केला की मऊ, थंड झाला की घट्ट. १८६७च्या सुमारास अमेरिकी दंतवैद्यांनी तो दाढेच्या मुळात भरला. रूट कॅनालमध्ये आजही तोच भरतात, शरीर सहसा कुरकुरत नाही. माझ्या दोन दाढांत आहे! पण त्याचा खरा खप समुद्री तारांच्या वेष्टणाला. १८७०मध्ये मुंबईला पोचलेल्या तारेलाही तेच होतं. चिकासाठी अख्खं झाड आडवं पाडत. पानांतून चीक काढायची युक्ती सापडेपर्यंत सिंगापूरकडची ती झाडं जवळजवळ संपली होती.