पात्रांव

डिचोलीच्या बसस्थानकावर कंडक्टर ड्रायव्हरला हाक मारतो, ‘पात्रांव, वचूया!’ पेडण्याच्या बाजारात नारळाचा भाव करतानाही हाच शब्द कानी पडतो. मराठी कोशात त्याला जागा द्यावी का? ‘टवाळ पोरांची बोली’ म्हणून तो बाजूला सारणारे बरेच आहेत. मला ते मुळीच पटत नाही.

पोर्तुगीजमध्ये हा शब्द मालकाचा, धन्याचा. ‘पाव’मध्ये दिसणारा शेवटचा ‘व’ इथेही आहे, फक्त गोव्याने त्यातला अनुनासिक उच्चार जपला. बदलला तो अर्थ. चाकराने धन्यासाठी वापरायचा शब्द बरोबरीच्या मित्राला लागू झाला, त्यातली लाचारी गळून गेली आणि जिव्हाळा आला. पेडणे पोर्तुगिजांकडे गेले ते 1788 मध्ये, म्हणजे बार्देश-सासष्टीच्या मानाने फार उशिरा. मराठीचा वावर मोठा असलेल्या या भागातही शब्द रुजला, ही त्याच्या ताकदीची खूण.

पगार, चावी, बटाटा हेही पोर्तुगीजमधूनच आले आणि कोशांत स्थिरावले. दाते-कर्व्यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’ने 1932 पासून प्रांतिक शब्दांना ‘गो.’, ‘कों.’ अशा खुणा लावून मानाने जागा दिली. कोशकाराने शब्दाची अब्रू तपासू नये. वापर, अर्थ आणि प्रदेश तपासावा.

म्हणून नोंद अशी हवी: पात्रांव, पु., (गो.) 1. मालक, धनी. 2. (बोलीत) मित्राला सलगीची हाक.