काचेआडचे शेजारी

गोल्डफिश आणि एंजल एकाच टाकीत ठेवता येतील का, असं विचारलं तर दुकानदाराकडून बहुधा होकार मिळतो. दोघेही गोड्या पाण्यातले, दोघेही देखणे, आणि दुकानात त्यांच्या टाक्याही शेजारीशेजारी. हे शेजारपण निसर्गानं मात्र घडवलेलं नाही. गोल्डफिशचे पूर्वज चीनच्या समशीतोष्ण प्रदेशातल्या संथ पाण्यात वाढले, तर एंजल अॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या उबदार पाण्यातला. त्यांची गाठ घालून दिली ती व्यापारानं. कोणता मासा आपल्या घरापर्यंत पोहोचला हे त्याच्या सोबत करण्याच्या गुणावर कधीच ठरलं नाही. लांबच्या प्रवासात तो किती तगतो, बंदिस्त पाण्यात त्याची पैदास होते का आणि त्याचा रंग डोळ्यांत भरतो का, यांवर ते ठरलं. दुकानातली जवळीक हा दोन मासे एकत्र नांदतील याचा पुरावा मानता येत नाही, हे मत्स्यालयाचा इतिहास तपासला की स्पष्ट होतं.

या इतिहासाची सुरुवात गोल्डफिशपासूनच करावी लागते. सोंग राजवटीच्या काळात (960 ते 1279) चीनमध्ये सोनेरी रंगाचे मासे निवडून तळ्यांत जोपासले जात. पुढे मिंग काळात ते तळ्यांतून घरातल्या भांड्यांत आले, आणि भांड्यात वरून पाहताना सुंदर दिसतील असे मासे पिढ्यानपिढ्या निवडले गेले. गोल पोट, दुहेरी शेपटी, लांब झुलते पर ही त्या निवडीची देन आहे. सौंदर्याबरोबर मंदपणाही आला. अशा माशाला चपळ माशापुढे खाणं मिळवता येत नाही आणि पर कुरतडणाऱ्यापासून पळताही येत नाही. सतराव्या शतकात गोल्डफिश युरोपात पोहोचला आणि टिकला, कारण त्याला थंडी सोसते आणि कमी ऑक्सिजनच्या पाण्यातही तो बराच काळ तग धरतो. त्याच्या या सोशिकपणामुळेच तो कुठेही आणि कुणाहीबरोबर ठेवता येतो असा समज रुजला असावा.

1849 मध्ये लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी काचेच्या टाकीत दोन छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. वनस्पती ऑक्सिजन देईल आणि माशांच्या उत्सर्जनावर पोसली जाईल, असा हिशेब होता. पण तिची पानं कुजू लागली आणि पाणी गढूळलं. तेव्हा त्यांनी कुजकी पानं खाणाऱ्या गोगलगाई सोडल्या, आणि पाणी निवळलं. 1850 मध्ये केमिकल सोसायटीपुढे त्यांनी हा प्रयोग मांडला. या टाकीतला प्रत्येक सोबती त्याच्या कामासाठी निवडलेला होता, हे लक्षात घेण्याजोगं आहे. इंग्लंडमध्ये काचेवरचा कर 1845 मध्येच उठला होता, आणि 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं. मत्स्यालय घरोघरी पोहोचलं, पण त्यातून वॉरिंग्टन यांची शिस्त गळाली. उरला तो एवढाच विश्वास की चार वनस्पती लावल्या की टाकी आपोआप समतोल राहते. 1949 मध्ये अमेरिकी मत्स्यतज्ज्ञ जेम्स अॅट्झ यांनी या समजाला जाहीर आव्हान दिलं. टाकीतल्या माशांना ऑक्सिजन मिळतो तो मुख्यतः पाण्याच्या पृष्ठभागातून, आणि त्यामुळे किती मासे ठेवायचे याला मर्यादा असते.

दरम्यान उष्ण प्रदेशातले मासे येऊ लागले होते. 1869 मध्ये पॅरिसच्या पिएर कार्बोनिए यांच्याकडे चीनमधून पॅरडाइज फिश आले. हा मासा पृष्ठभागावर येऊन हवेतून श्वास घेतो, म्हणूनच कोंदट भांड्यातल्या दीर्घ सागरी प्रवासातून तो वाचला. पण त्याचे नर कमालीचे भांडखोर. प्रवासात टिकण्याचा गुण आणि सोबत करण्याचा गुण यांचा एकमेकांशी संबंध नाही, याचं याहून स्पष्ट उदाहरण सापडणार नाही. पुढे विजेचे हीटर आले, दुसऱ्या महायुद्धानंतर विमानवाहतूक आणि ऑक्सिजन भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या, आणि नाजूक मासेही जगभर फिरू लागले. निऑन टेट्रा शास्त्राला माहीत झाला तो 1936 मध्ये. आज तो एंजलबरोबर सर्रास विकला जातो. दोघेही अॅमेझॉन खोऱ्यातले, दोघांनाही उबदार पाणी मानवतं, आणि तरीही पूर्ण वाढलेला एंजल निऑनला गिळतो. पाणी जुळलं की सगळं जुळलं असंही नाही.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला असा की नदीत अनेक जातींचे मासे एकत्र राहतातच. राहतात, पण तिथे पळायला जागा असते, लपायला झाडोरा असतो आणि घाण वाहून नेणारा प्रवाह असतो. काचेच्या चार भिंतींत दुबळ्या माशाला यातलं काहीच मिळत नाही. दुसरा आक्षेप आधुनिक फिल्टरचा. फिल्टरमधले जिवाणू विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग तुलनेनं निरुपद्रवी नायट्रेट करतात, हे खरं. पण फिल्टर माशाचा स्वभाव बदलत नाही, की त्याच्या तोंडाचा आकारही. तिसरा आक्षेप आपल्याकडचा आणि सर्वांत वजनदार आहे: मुंबईसारख्या शहरात पाणी मुळातच कोमट असतं आणि गोल्डफिश इथे उष्ण प्रदेशातल्या माशांबरोबर वर्षानुवर्षं जगतात. जगतात हे मान्य. मात्र 20 अंश सेल्सियसच्या गोड्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तर 30 अंशांना जेमतेम साडेसात. त्याच वेळी उष्णतेनं माशाची ऑक्सिजनची गरज वाढते, आणि आधीच भरपूर घाण करणारा गोल्डफिश आणखी घाण करतो. तेव्हा आपल्या हवेत त्याला अधिक पाणी आणि कमी सोबती लागतात. शिवाय जगणं आणि नीट जगणं यांत फरक आहे, आणि गोल्डफिशचा सोशिकपणा नेमका हाच फरक झाकतो.

1951 मध्ये मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं आणि काचेआडचे मासे पाहण्याची गोडी मराठी माणसाला मोठ्या प्रमाणावर लागली. आता ती काच आपल्या दिवाणखान्यात आहे, म्हणून जबाबदारीही आपलीच आहे. दोन जातींचे मासे विकत घेण्यापूर्वी चार गोष्टी विचाराव्यात: दोघांना कोणतं तापमान मानवतं, पूर्ण वाढल्यावर ते केवढे होतात, खाण्याच्या वेळी कोण मागे पडतं आणि कोण कुणाला खाऊ शकतं. यातलं एक जरी उत्तर जुळलं नाही, तर दुसरी टाकी घ्यावी किंवा एकाच जातीवर समाधान मानावं.